धार्मिक शाळा विरुद्ध झोनिंग बोर्ड: अमेरिकेतलं हे भांडण गाड्यांचं की धर्माचं?

नकाशावाला

अमेरिकेत एखाद्या धार्मिक संस्थेनं शाळा काढायची किंवा आहे ती वाढवायची ठरवलं, की पहिली गाठ पडते ती गावच्या झोनिंग बोर्डाशी. १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं झोनिंगला, म्हणजे जमिनीचे विभाग पाडून कुठे काय चालेल हे गावानं ठरवण्याला, मान्यता दिली. आता तिथे जवळपास प्रत्येक गावाचा रंगवलेला नकाशा असतो: राहती वस्ती, दुकानं, कचेऱ्या, कारखाने. शाळेची पंचाईत अशी की ती यातल्या कुठल्याच रंगात नीट बसत नाही. मुलं वस्तीत राहतात म्हणून शाळा वस्तीत हवी, पण तीनशे मुलांची रोजची ने-आण वस्तीत नको असते. म्हणून बऱ्याच गावांत शाळेला थेट मुभा नसते, स्पेशल परमिट लागतं, आणि ते द्यायचं की नाही हे पाच-सात जणांचं बोर्ड जाहीर सुनावणी घेऊन ठरवतं.

माझं मत असं की यातली बरीच भांडणं धर्मावरून सुरू होत नाहीत, सकाळी आठच्या गाड्यांवरून सुरू होतात. धर्म नंतर येतो. पण काही ठिकाणी धर्म आधीपासून असतो आणि गाड्या नुसत्या पुढे केल्या जातात. हे दोन प्रकार एकमेकांपासून वेगळे कसे ओळखायचे, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा अगदी व्यवहाराचा: संस्थेनं जागा आधी घ्यावी की परवानगी आधी?

शाईपेन

रलूपाशिवाय हा धागा पुढे सरकणार नाही, म्हणून आधी तेवढं सांगते.

१९९० साली स्मिथ खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की नियम सर्वांना सारखा लागू होत असेल आणि तो धर्माचरणाच्या आड आला, तरी घटनेचा आधार घेऊन सूट मागता येणार नाही. काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, १९९३ साली त्यावर कायदा करून तोडगा काढला. पुढे टेक्सासमधल्या बर्नी गावातल्या एका चर्चला इमारत वाढवायची होती, जुन्या वास्तूंच्या जतनाचा नियम आड आला, आणि त्या खटल्यात १९९७ साली न्यायालयानं तो कायदा राज्यं आणि गावं यांच्यापुरता रद्द केला. मग २००० साली काँग्रेसनं फक्त दोन विषयांपुरता नवा कायदा केला: जमिनीचा वापर आणि तुरुंगातली माणसं. तोच रिलिजस लँड यूज अँड इन्स्टिट्यूशनलाइज्ड पर्सन्स अॅक्ट. त्याच्या आद्याक्षरांचा बोली उच्चार म्हणजे रलूपा.

जमिनीच्या बाबतीत तो संस्थेच्या हाती वेगवेगळी हत्यारं देतो. गावाच्या निर्णयानं धर्माचरणावर मोठं ओझं पडत असेल, तर तसं करण्यामागे अत्यंत निकडीचं सार्वजनिक कारण होतं आणि याहून सौम्य उपाय नव्हता, हे गावाला सिद्ध करावं लागतं. बिगरधार्मिक संस्थेला मुभा आणि धार्मिक संस्थेला मनाई, असं चालत नाही. एका पंथाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं, हेही चालत नाही. आणि पूर्ण गावात धार्मिक जमाव कुठेच भरू नये अशी नियमांची मांडणी करता येत नाही.

शाळांची प्रकरणं मुख्यतः पहिल्या दोन हत्यारांवर लढली जातात. सगळ्यात जास्त घोळही तिथेच होतो.

रुंजी

एक शंका. प्रार्थनागृह म्हणजे धर्माचरण हे समजतं. पण शाळेत गणित, भूगोल, खेळ हेही असतं. नवीन प्रयोगशाळा बांधणं हे धर्माचरण कसं?

शाईपेन

रुंजी, हाच मुद्दा न्यूयॉर्कमधल्या ममॅरोनेक गावानं वेस्टचेस्टर डे स्कूलच्या खटल्यात मांडला होता. ही ऑर्थोडॉक्स ज्यू शाळा, सुमारे २६ एकर जागा, साडेचारशेच्या आसपास विद्यार्थी. न्यायालयानं नुसतं 'शाळा धार्मिक आहे' एवढ्यावर भागवलं नाही. नव्या इमारतीतली प्रत्येक खोली कशासाठी वापरली जाणार हे तपासलं, आणि प्रत्येक खोलीत केव्हा ना केव्हा धार्मिक शिक्षण किंवा प्रार्थना होणार असल्याचं नोंदवलं. म्हणजे नुसती प्रशासकीय कचेरी किंवा निव्वळ व्यायामशाळा बांधायची असेल, तर ही ढाल आपोआप मिळेल असं धरून चालू नये. अर्जातच खोलीवार वापर लिहिलेला बरा: कुठली खोली, कुठला तास, काय शिकवणार.

त्या प्रकरणाचा घटनाक्रमही बघण्यासारखा आहे. अर्ज ऑक्टोबर २००१ चा. फेब्रुवारी २००२ मध्ये बोर्डानं एकमतानं ठरवलं, की पर्यावरणावर मोठा परिणाम नाही. मग शेजाऱ्यांचा विरोध वाढला, आणि ऑगस्टमध्ये त्याच बोर्डानं ३ विरुद्ध २ मतांनी तो निर्णय मागे घेऊन संपूर्ण पर्यावरण अहवाल मागितला. मे २००३ मध्ये अर्ज पुन्हा ३ विरुद्ध २ नं नामंजूर. २००७ साली अपील न्यायालयानं शाळेच्या बाजूनं निकाल दिला. कारण सरळ होतं. नामंजुरीच्या ठरावातल्या निष्कर्षांना बोर्डाच्या स्वतःच्या फाइलमध्येच पुरावा सापडत नव्हता. पुढे गावानं ४७ लाख ५० हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

चौथी आळी

४७ लाख! तेवढ्यात आणखी एक शाळा उभी राहिली असती की.

वाटाड्या

मी थोडा गावाच्या बाजूनं लिहितो, कारण या चर्चेत गाव नेहमी खलनायक ठरतं.

झोनिंग म्हणजे नुसती हरकत नव्हे, गावाची मिळकतही त्यात असते. ओहायोतलं अप्पर आर्लिंग्टन हे कोलंबसचं उपनगर बघा. बहुतांश राहती वस्ती, कचेऱ्यांसाठी राखलेली जमीन अगदी थोडी. ओहायोत गावं पगारावर आयकर घेतात, त्यामुळे कचेरीची एक मोठी इमारत म्हणजे गावाचा कणा असतो. तिथे एका माध्यम कंपनीनं रिकामी केलेली २ लाख ५४ हजार चौरस फुटांची इमारत ट्री ऑफ लाइफ ख्रिश्चन स्कूल्सनी २०१० साली घेतली. त्या विभागात शाळेला परवानगीच नव्हती. शाळेचा युक्तिवाद: पाळणाघरं चालतात, मग शाळा का नाही? गावाचं उत्तर: हा विभागच जास्त पगाराच्या नोकऱ्यांसाठी राखलेला आहे.

सहाव्या सर्किटच्या (केंद्रीय अपील न्यायालयांच्या प्रादेशिक विभागांना सर्किट म्हणतात) अपील न्यायालयानं २०१८ साली गावाचं म्हणणं उचलून धरलं, दोन विरुद्ध एक मतांनी. सर्वोच्च न्यायालयानंही पुढे हात घातला नाही. त्या गावाचा ख्रिश्चन धर्मावर राग होता असं कुणी म्हणू शकेल का? त्यामुळे 'धार्मिक शाळा अडवली म्हणजे भेदभाव' हे समीकरण मला मान्य नाही.

शाईपेन

वाटाड्या, उदाहरण बरोबर आहे, पण त्यातून निघणारा अर्थ सगळीकडे लागू नाही. 'समान वागणूक' म्हणजे कोणाशी समान, यावर अपील न्यायालयांत एकमत नाही. तिसरं, पाचवं, सहावं, सातवं आणि नववं सर्किट कमीअधिक फरकानं विचारतात, की झोनिंगच्या मूळ हेतूच्या दृष्टीनं दोन वापर सारखे आहेत का. अकरावं सर्किट, म्हणजे फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, कायद्याचे शब्द धरून चालतं: लोक एकत्र जमतात अशा बिगरधार्मिक संस्थेला परवानगी असेल, तर धार्मिक संस्थेलाही हवी. सर्फसाइड गावाच्या २००४ च्या निकालात तेच झालं. खाजगी क्लबांना मुभा आणि सिनेगॉगना, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहांना, मनाई, हे टिकलं नाही.

म्हणून अर्ज करण्याआधी आपण कुठल्या सर्किटमध्ये येतो ते बघायचं. आणि गावाचा नियम पूर्ण वाचायचा. त्या विभागात पाळणाघर, नाट्यगृह, व्यायामशाळा, प्रशिक्षण केंद्र यातलं काय काय चालतं याची यादी पहिल्या दिवशी काढून ठेवायची. तुलना त्या यादीतूनच होते.

मैलाचा दगड

नकाशावाल्यांचा मूळ मुद्दा गाड्यांचा आहे. त्यावर नुसतं 'ट्रॅफिक स्टडी करा' म्हणून भागत नाही. एक हिशेब मांडतो, आकडे नमुन्याचे आहेत.

शाळा ३०० मुलांची. ६० मुलं बसनं, २४० गाडीनं. भावंडं धरून एका गाडीत सरासरी १.६ मुलं. झाल्या १५० गाड्या. सकाळी पालक मूल उतरवून लगेच निघतात, रांग पुढे सरकत राहते. दुपारी तसं होत नाही. सुटायच्या वेळेच्या वीस मिनिटं आधीपासून गाड्या येऊन थांबतात, म्हणून रांग दुपारचीच मोजायची. एका वेळी ४० टक्के गाड्या आत उभ्या आहेत असं धरलं, तर ६० गाड्या. एका गाडीला मधल्या अंतरासह २५ फूट, म्हणजे १,५०० फूट रांग. दोन समांतर लेन केल्या तर ७५० फूट. एवढी लांबी आवारात बसत नसेल तर उरलेली रांग रस्त्यावर येणार, आणि शेजारी सुनावणीला फोटो घेऊन येणार. त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

पुढचा आकडा मूल गाडीत बसवायच्या जागांचा. एका वेळी आठ गाड्या भरल्या आणि प्रत्येकीला एक मिनिट लागलं, तर १५० गाड्या १९ मिनिटांत संपतात. चारच जागा ठेवल्या तर ३८ मिनिटं. कितीतरी नकाशांत दारासमोर चारच गाड्यांची जागा काढलेली असते, कारण नकाशा काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे इमारतीचं दर्शनी रूप असतं. शाळा दोन पाळ्यांत, पंचवीस मिनिटांच्या अंतरानं सोडली तर हीच रांग निम्म्यावर येते. हे अर्जातच लिहून द्यायचं. बोर्डानं अट म्हणून लादण्याआधी आपण देऊ केलं, तर भाषा आपली राहते.

मोजणी शाळा चालू असताना मंगळवार ते गुरुवारात करायची. सुटीच्या दिवसांतले आकडे दिले की अभ्यास फेटाळला जातो. चौकाचा दर्जा ए ते एफ अक्षरांत सांगतात, एफ सगळ्यात वाईट. सिग्नल असलेल्या चौकात सरासरी ८० सेकंदांपेक्षा जास्त खोळंबा म्हणजे एफ, सिग्नल नसलेल्या ठिकाणी ५० सेकंदांपेक्षा जास्त. चौक आजच एफ असेल तर अहवालात 'आजचा' आणि 'शाळेनंतरचा' खोळंबा सेकंदांत शेजारी शेजारी मांडायचा, नाहीतर सगळं खापर शाळेवर फुटतं.

रुंजी

यात धर्माचा संबंध येतो तो वेळापत्रकात. इस्लामी शाळेच्याच आवारात मशीद असेल, तर शुक्रवारी दुपारच्या नमाजाची गर्दी आणि शाळा सुटणं एकमेकांना भिडू शकतं. ज्यू शाळा रविवारी भरू शकतात, आणि हिवाळ्यात शुक्रवारी लवकर सुटतात. नेहमीचा ट्रॅफिक स्टडी मंगळवार-बुधवारचा, त्यात यातलं काहीच दिसत नाही.

मैलाचा दगड

अगदी बरोबर, रुंजी. अशा वेळी शुक्रवारची मोजणी वेगळी जोडायची, आणि नमाजाची वेळ व शाळेची सुटी यात किमान पाऊण तास ठेवायचा. पार्किंगही दोन्हींचं वेगवेगळं मोजून, एका वेळी लागणारा कमाल आकडा दाखवायचा. नाहीतर बोर्ड दोन्ही आकड्यांची सरळ बेरीज करतं.

पार्किंगच्या आकड्यावरूनच न्यू जर्सीतल्या बर्नार्ड्स टाउनशिपचं प्रकरण घडलं. तिथे चर्चसाठी माप होतं तीन आसनांमागे एक जागा. मशिदीच्या अर्जात दीडशे माणसांना त्याच मापानं ५० जागा दाखवल्या होत्या. बोर्डानं मागितल्या १०७. २०१६ च्या अखेरीस न्यायालय म्हणालं, की एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं चालणार नाही. पुढच्या वर्षी टाउनशिपनं साडेबत्तीस लाख डॉलरवर मिटवलं.

तिसरी घंटा

झोनिंगची परवानगी मिळाली म्हणजे शाळा सुरू, असं समजणाऱ्यांसाठी. इमारतीचा वर्ग बदलतो, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

इंटरनॅशनल बिल्डिंग कोड या बांधकामाच्या नियमावलीत कचेरी हा बी वर्ग, शाळा ई वर्ग, प्रार्थनागृह ए-३. प्रार्थनागृहाला जोडून असलेल्या धार्मिक शिक्षणाच्या खोल्या, शंभरपेक्षा कमी माणसांच्या, या ए-३ मध्येच धरतात. म्हणून रविवारचे वर्ग कुणाला खुपत नाहीत. पण त्याच खोल्यांत सोमवार ते शुक्रवार पहिली ते आठवी भरवायची म्हटलं की तो ई वर्ग, आणि वापर बदलल्यामुळे सध्याच्या नियमांची पूर्तता. वर्गखोलीत माणशी २० चौरस फूट निव्वळ जागा धरतात, म्हणजे तीस जणांना ६०० चौरस फूट. ई वर्गात १२,००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या फायर एरियाला (आगरोधक भिंतींनी वेगळा केलेला भाग) स्प्रिंकलर, म्हणजे आग लागताच पाणी फवारणारे छतातले नळ, लागतात. जुन्या चर्चच्या तळघरात स्प्रिंकलर बसवायचे तर रस्त्यावरून पाण्याची नवी मोठी लाइन ओढावी लागते, आणि संस्थेचं अंदाजपत्रक नेमकं इथे कोसळतं. जिथे एनएफपीए १०१ ही आगीपासून सुरक्षेची नियमावली लागू आहे तिथे पहिलीपर्यंतची मुलं साधारणपणे थेट बाहेर पडता येईल अशा मजल्यावरच बसवावी लागतात, दुसरीची मुलं फार तर एक मजला वर.

रलूपाची ढाल इथे चालत नाही. तो कायदा झोनिंग आणि वास्तुजतन यांच्यापुरता आहे. आगीच्या नियमाला धर्म विचारत नाहीत, आणि विचारूही नये.

चौथी आळी

तिसरी घंटा यांचं नाव आणि शाळेचा विषय, छान जुळलं आहे. पण स्प्रिंकलरचं वाचून संस्थेच्या खजिनदाराची घंटा पहिल्यालाच वाजेल.

मृद्गंध

राज्याचे कायदेही बघायला हवेत, सगळं वॉशिंग्टनमधूनच येत नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर गावानं वस्ती विभागात धार्मिक शाळांना मनाई करणारा पोटनियम केला होता. त्यावर उपाय म्हणून विधिमंडळानं १९५० साली कायद्यात दुरुस्ती केली, तिला आजही डोव्हर दुरुस्ती म्हणतात. धार्मिक किंवा ना-नफा शैक्षणिक वापराला झोनिंगनं मनाई करता येत नाही. गावाच्या हाती उरतं ते वाजवी नियमन: उंची, आकारमान, हद्दीपासून अंतर, मोकळी जागा, पार्किंग, किती जमीन इमारतीनं व्यापायची. त्यामुळे तिथली सुनावणी 'शाळा हवी की नको' यावर होत नाही, 'तीस फूट सोडायचे की पन्नास' यावर होते. माझ्या मते हा सर्वांत शहाणा कायदा आहे, कारण तो भांडण मोजता येईल अशा गोष्टींवर आणून ठेवतो.

न्यूयॉर्कमध्ये हेच काम न्यायालयांनी केलं. १९५६ च्या रॉचेस्टर डायोसीसच्या (कॅथलिक धर्मप्रांत) निकालापासून आणि १९८६ च्या कॉर्नेल विद्यापीठाच्या निकालापासून शाळा आणि प्रार्थनास्थळं मुळात लोकहिताचीच मानली जातात. शाळेची 'गरज' सिद्ध करा असं बोर्डाला म्हणता येत नाही. पण सरसकट सूटही नाही, अटी घालता येतात.

नकाशावाला

माहिती उत्तम येते आहे. पण माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. खरी हरकत आणि बुरखा, वेगळे कसे ओळखायचे?

शाईपेन

तारखांवरून. मी पहिल्यांदा तारखाच लावते. अर्ज किंवा जागेची खरेदी कधी झाली, आणि नियम कधी बदलला?

न्यूयॉर्कच्या रॉकलँड काउंटीतलं पोमोना गाव घ्या. २००४ मध्ये एका ज्यू संस्थेनं तिथे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) महाविद्यालयासाठी सुमारे शंभर एकर जागा घेतली. विद्यार्थी कुटुंबासह तिथेच राहणार होते. २००७ मध्ये गावानं नियम केले: वसतिगृहाची इमारत आवारातल्या एकूण बांधकामाच्या २० टक्क्यांपेक्षा मोठी नको, आणि पाणथळ जागेभोवती १०० फुटांचा पट्टा मोकळा सोडायचा. पाणथळीचं रक्षण कुणाला नको असेल? पण एका कुटुंबाच्या घरांच्या जमिनींना तो नियम लागू नव्हता. पाण्याला घर काय आणि महाविद्यालय काय, दोन्ही सारखंच. अपील न्यायालयानं २०१९ साली मान्य केलं, की २००७ च्या या नियमांमागे धार्मिक आकस होता. मात्र खरेदीच्या आधी सुरू झालेल्या २००१ आणि २००४ च्या बदलांबाबत तसं सिद्ध होत नाही असंही सांगितलं. एकच गाव, एकच विषय, आणि निकाल दोन. फरक पुराव्याचा आणि काळाचा.

न्यू जर्सीतल्या जॅक्सन टाउनशिपनं २०१७ साली शाळा आणि वसतिगृहांवर निर्बंध घालणारे नियम केले, त्यावर २०२० मध्ये केंद्राच्या न्याय खात्यानं स्वतः दावा लावला.

मैलाचा दगड

तारखांबरोबर मी आणखी एक बघतो: अडचण सोडवली की हरकत संपते का. रांगेची तक्रार होती, शाळेनं दोन पाळ्या दिल्या, आणि शेजारी लगेच सांडपाण्यावर आले, तेही सुटलं तर झाडांवर आले, म्हणजे मूळ दुखणं वेगळं आहे. रांगेचा आकडा ऐकून 'मग तीनशेऐवजी अडीचशे मुलं चालतील' असं कुणी म्हणत असेल, तर त्याची हरकत रांगेचीच होती. त्याच्याशी बोलावं.

वाटाड्या

हे पटलं. गावानं पाळायची बाजूही मांडतो. बोर्डाच्या सभासदांनी शेजाऱ्यांचं ऐकायचंच असतं, पण ठरावात लिहायचं ते फाइलमधल्या पुराव्यावरून. शाळेचा ट्रॅफिक अहवाल पटत नसेल तर गावानं स्वतःचा तज्ज्ञ नेमून आकड्याला आकड्यानं उत्तर द्यावं. 'रहदारी वाढेल असं वाटतं' हे कारण न्यायालयात उभं राहत नाही. आणि नामंजूर करण्याआधी अटींवर मंजुरी देता येते का हे सभेतच बोलून नोंदवावं: विद्यार्थिसंख्येची कमाल मर्यादा, सुटण्याच्या वेळा, वाहतूक पोलिसाचा खर्च, वर्षानं पुन्हा मोजणी. रलूपातच गावाला एक वाट दिलेली आहे. अडचणीचा नियम बदलला किंवा त्या संस्थेपुरती सूट दिली, की कायद्याची कुऱ्हाड टळते. दावा लागल्यावरही हे करता येतं.

न्यूयॉर्कमधल्या ग्रीनबर्गचं प्रकरण याच्या उलट. तिथे फोर्ट्रेस बायबल चर्चला चर्च आणि शाळा एकत्र बांधायची होती. पर्यावरण तपासणी वर्षानुवर्षं ताणली गेली, शिवाय चर्चनं गावाला आगीचा बंब द्यावा अशीही मागणी झाली, हे न्यायालयात नोंदलं गेलं. पर्यावरण तपासणी म्हणजे झोनिंग नव्हे, हा गावाचा बचाव २०१२ साली अपील न्यायालयानं मान्य केला नाही. झोनिंगचं कामच त्या तपासणीतून उरकलं, मग रलूपा लागू.

मृद्गंध

आगीचा बंब!! हे मी दोनदा वाचलं.

तिसरी घंटा

संस्थांच्या चुकाही लिहाव्यात. कॅलिफोर्नियातल्या मॉर्गन हिलमध्ये एका ख्रिश्चन महाविद्यालयानं जुन्या रुग्णालयाच्या जागेसाठी अर्ज केला. गावानं मागितलेली माहिती पूर्ण दिली नाही, अर्ज नामंजूर झाला. २००४ साली नववं सर्किट म्हणालं, अर्ज पूर्ण भरायला सांगणं हे ओझं नव्हे. शिकागोजवळच्या नॉर्थब्रुकमध्ये एका चर्चनं औद्योगिक विभागात परवानगी नसताना जागा घेतली. २००७ साली सातव्या सर्किटनं सांगितलं, हे ओझं तुम्ही स्वतः ओढवून घेतलंत. मिशिगनमधल्या लिव्हिंग्स्टन ख्रिश्चन स्कूल्सचं २०१७ मध्ये तसंच. दुसरीकडे शाळा चालू शकत होती, म्हणून मोठं ओझं नाही.

मुदतींचंही भान हवं. न्यूयॉर्कमध्ये झोनिंग बोर्डाचा निर्णय गावाच्या दप्तरी दाखल झाल्यापासून ३० दिवसांत राज्याच्या न्यायालयात दाद मागावी लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये २० दिवस. रलूपाच्या दाव्याला चार वर्षं आहेत, म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि राज्याचा दरवाजा बंद होतो. आणि गावाचा अंतिम निर्णय हाती नसेल तर केंद्रीय न्यायालय 'आधी व्हेरियन्स, म्हणजे त्या जागेपुरती नियमातून सूट, मागून या' म्हणून परत पाठवतं.

नकाशावाला

म्हणजे माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'परवानगी आधी' असंच दिसतंय. पण जागा आपली नसताना अर्ज कोण ऐकणार? आणि तेवढ्यात मालकानं दुसऱ्याला विकली तर?

शाईपेन

रलूपात मालकीच हवी असं नाही. भाडेपट्टा, किंवा खरेदीचा करार, किंवा खरेदीचा हक्क राखून ठेवणारा ऑप्शन, एवढ्यावरही दावा टिकतो. म्हणून मधला मार्ग: खरेदीखत नको, सशर्त करार करायचा. इसार द्यायचा, पण करारात लिहून घ्यायचं, की स्पेशल परमिट आणि बांधकामाचा साइट प्लॅन मंजूर होऊन त्यावरच्या अपिलाची मुदत संपेपर्यंत खरेदी पूर्ण करायची नाही, आणि नामंजूर झालं तर इसार परत. 'मंजूर होईपर्यंत' एवढंच लिहिलं तर फसगत होते. शेजाऱ्यांनी तिसाव्या दिवशी अपील केलं, तर तुमच्या गळ्यात जागाही असते आणि खटलाही. मुदत वाढवायचा हक्कही घ्यायचा, समजा दर तीन महिन्यांना ठरावीक रक्कम भरून चार वेळा. मालकाकडून अर्जावर सहीचं संमतिपत्र त्याच दिवशी घ्यायचं, कारण बहुतेक गावं मालकाच्या सहीशिवाय अर्ज दाखल करून घेत नाहीत.

मैलाचा दगड

त्यात माझी एक भर. सही करण्याआधी टाउन प्लॅनरची प्राथमिक भेट मागायची. बऱ्याच गावांत ती मिळते. सोबत फक्त तीन कागद: जागेचा नकाशा त्यावर रांगेची लेन आखून, विद्यार्थिसंख्या आज किती आणि पाच वर्षांनी किती, आणि आठवड्याचं वेळापत्रक, शुक्रवार-रविवारसकट. पाच वर्षांनंतरचा आकडा लपवू नका. आज १५० सांगून तीन वर्षांनी ३०० साठी गेलात, तर बोर्ड तुमच्या दुसऱ्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवणार नाही.

रुंजी

आणि सुनावणी चालू असेपर्यंत प्रत्येक बैठकीचं ध्वनिमुद्रण आणि इतिवृत्त लेखी अर्ज करून मागत राहायचं. तिथे शेजारी काय म्हणाले त्यापेक्षा बोर्डाचे सभासद काय म्हणाले हे महत्त्वाचं, आणि टाइप केलेल्या इतिवृत्तात ती वाक्यं कधी कधी एका ओळीत आटोपलेली असतात.